तीन चोऱ्या, तीन एनसी आणि एकच टोळी

पत्र: नेरूळमध्ये आमचं किराणा मालाचं सेल्फ-सर्व्हिस दुकान आहे. मी आणि माझे दीर मिळून चालवतो. गेल्या दीड महिन्यात तीनदा चोरी झाली. दोन बायका आणि एक पुरुष असे तिघे येतात. एक बाई जुनं बिल घेऊन गल्ल्यावर वाद घालत बसते. तेवढ्यात दुसरी तुपाचे आणि बाळाच्या दूध पावडरचे डबे, काजू-बदाम, दाढीच्या ब्लेडची पाकिटं उचलते. पुरुष बाहेर रिक्षा घेऊन थांबलेला असतो. पहिल्यांदा ३,८६० रुपयांचा माल गेला, मग ४,४२० चा आणि चार दिवसांपूर्वी २,९७५ चा. पोलीस ठाण्यात प्रत्येक वेळी एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतली. सानपाडा आणि खारघरच्या ओळखीच्या दुकानदारांकडेही हेच तिघे येऊन गेलेत. अमेरिकेत अशा टोळ्यांविरुद्ध सरकारने खास कायदे केल्याचं वाचलं. आपल्याकडे काही आहे का? पुन्हा आले तर त्यांना पकडून ठेवावं का? फोटो व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकावेत का? आणि गल्ल्यावरच्या मुलाच्या पगारातून पैसे कापावेत असं दीर म्हणतात, ते बरोबर आहे का? कॅमेरे आठ आहेत, त्यांचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरमध्ये १ टीबीची डिस्क आहे.

– एक दुकानदार, नेरूळ

उत्तर:

ताई, तिसऱ्या चोरीचं चित्रण लगेच काढून घ्या, हे तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला कळवलं होतं. इतर दुकानदारांसाठी त्याचं कारण इथे सांगतो. २ मेगापिक्सेलचा एक कॅमेरा साधारण २ एमबीपीएस वेगाने चोवीस तास चालला, तर दिवसाला २१.६ जीबी जागा खातो. आठ कॅमेऱ्यांचे झाले सुमारे १७३ जीबी. म्हणजे १ टीबीची डिस्क सहा दिवसही पुरत नाही, त्यानंतर जुन्यावर नवं चढत जातं. आपल्याकडे बहुतेक दुकानांत माल मोजला जातो महिन्याच्या शेवटी. चोरी कळेपर्यंत चोर डिस्कवरून पुसला गेलेला असतो. तीस दिवसांचं चित्रण हवं असेल तर सव्वापाच टीबीच्या आसपास जागा लागते, म्हणून ६ टीबीची डिस्क घ्या. तुमचा डीव्हीआर किती टीबीपर्यंतची डिस्क घेतो, ते मात्र आधी पाहून घ्या.

आता कायद्याकडे येऊ. कायदा आहे, आणि तुमच्या प्रकरणाला तो चपखल बसतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ११२ नव्याने आलं आहे: किरकोळ संघटित गुन्हा. गटाचा किंवा टोळीचा सदस्य असलेल्याने एकट्याने किंवा मिळून चोरी केली, तर हे कलम लागतं. त्याच्या स्पष्टीकरणात दुकानातून माल उचलणं आणि व्यवसायाच्या जागेतली चोरी या दोन्हींचा शब्दशः उल्लेख आहे. शिक्षा किमान १ वर्ष, जास्तीत जास्त ७ वर्षं आणि दंड. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाची वाट न पाहता पोलिसांना तपास करता येतो, आणि अजामीनपात्रही.

मग तुमच्या तक्रारीची एनसी का झाली? कारण ती साध्या चोरीची म्हणून वाचली गेली. साध्या चोरीच्या कलम ३०३ मध्ये नव्या कायद्याने ५,००० रुपयांची रेघ ओढली आहे. त्याखालची चोरी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा किंमत परत केली, तर शिक्षा फक्त समाजसेवेची. असा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र ठरतो. भुकेपोटी बिस्किटाचा पुडा उचलणाऱ्याला तुरुंगात धाडू नये, यासाठी ही सवलत आहे आणि ती योग्यच आहे. पण तुमच्याकडच्या ३,८६०, ४,४२० आणि २,९७५ या तिन्ही रकमा रेघेच्या खालीच राहिल्या आहेत. तीन वेळा सारखंच घडलं, तर तो निव्वळ योगायोग मानू नये.

दुसरं कारण ठाण्यांच्या हद्दीचं. नेरूळ, सानपाडा आणि खारघर या तिन्ही जागी पोलीस ठाणी वेगवेगळी. ज्याच्या त्याच्या टेबलावर दोन-चार हजारांची एखादी चोरी दिसते, टोळी कुणालाच दिसत नाही. ती दाखवून देण्याचं काम सुरुवातीला फिर्यादीलाच करावं लागतं.

अमेरिकेबद्दल विचारलंत. तिथेही घोडं रकमेपाशीच अडलं होतं. कॅलिफोर्नियात २०१४ पासून ९५० डॉलरपर्यंतची चोरी सौम्य गुन्ह्यात मोडत होती. २०२४ मध्ये कायदे बदलून वेगवेगळ्या चोऱ्यांची किंमत एकत्र धरण्याची वाट मोकळी केली गेली. इंग्लंड-वेल्समध्ये हाच वाद २०० पाउंडांच्या मर्यादेवर झाला. अमेरिकेने २७ जून २०२३ पासून ऑनलाइन बाजारपेठांना मोठ्या विक्रेत्यांची ओळख तपासणंही सक्तीचं केलं, कारण चोरलेला माल शेवटी तिथेच विकला जातो. आपल्या कलम ११२ मध्ये बेरीज करावीच लागत नाही. त्यात रकमेची अटच नाही, टोळी आणि चोरी एवढं पुरे. म्हणून तक्रारीत ‘माल गेला’ या शब्दांइतकंच वजन ‘तिघे मिळून’ या शब्दांना आहे.

अर्जात प्रसंग असा मांडा:

‘दिनांक अमुक रोजी सायंकाळी ७.१२ ते ७.२६ या वेळेत दोन महिला एकत्र दुकानात आल्या. त्यांच्यासोबतचा पुरुष बाहेर रिक्षाजवळ थांबला. एका महिलेने जुन्या बिलाचा वाद काढून गल्ल्यावरील कामगारास गुंतवून ठेवले. त्याच वेळी दुसऱ्या महिलेने सोबतच्या यादीतील माल पिशवीत टाकून, बिल न करता, गल्ल्याची रांग ओलांडून बाहेर नेला. तिघेही त्याच रिक्षाने निघून गेले. याच तिघांनी याच पद्धतीने यापूर्वी अमुक व अमुक तारखेस चोरी केली असून त्यांचे एनसी क्रमांक असे आहेत. हे कृत्य टोळीने केलेले असल्याने भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ व ३०५ नुसार गुन्हा नोंदवावा.’

कलम ३०५ का, तेही सांगतो. माल ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतली चोरी त्यात येते. दुकान-गोदामांतल्या चोऱ्यांना पोलीस ते लावतात. त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि ५,००० रुपयांची सवलत नाही. कलम कोणतं लावायचं हे शेवटी पोलीसच ठरवतात, त्यामुळे ठाणे अंमलदाराशी त्यावरून हुज्जत घालू नका. प्रसंग नीट लिहिलेला असला की कलम त्यातूनच निघतं. आणि एक कळकळीचं सांगणं: गुन्हा दखलपात्र व्हावा म्हणून किंमत फुगवून ५,००० च्या वर नेऊ नका. खरेदीचं बिल समोर आलं की अख्खी तक्रार खोटी वाटू लागते, आणि खोटी माहिती देणं हा गुन्हाही आहे.

मालाच्या यादीत नाव, वजन, नग, एमआरपी, खरेदीची किंमत आणि बॅच क्रमांक द्या. बॅच क्रमांक बहुतेक जण सोडून देतात आणि तिथेच फसतात. उद्या पोलिसांना कुठल्या खोलीत वीस डबे सापडले, तर ते तुमचेच कशावरून? तुपाच्या एकसारख्या दोन डब्यांत फरक दाखवणारी गोष्ट म्हणजे डब्यावर छापलेला तो क्रमांक. वितरकाच्या बिलावर किंवा रॅकवर उरलेल्या त्याच खोक्यातल्या डब्यांवर तो मिळतो. शिवाय महागड्या डब्यांच्या तळाला दुकानाचा छोटा स्टिकर लावायची सवय ठेवा.

चित्रण काढताना सर्रास होणारी चूक म्हणजे मॉनिटरसमोर मोबाइल धरून केलेलं शूटिंग. त्यात वेळेचे आकडे धूसर येतात, चेहरा विरतो, आणि मूळ फाइल मात्र काही दिवसांत पुसली जाते. डीव्हीआरमधून थेट पेन ड्राइव्हवर मूळ स्वरूपातली फाइल घ्या, तिच्यासोबत ती चालवणारा प्लेयरही घ्या. दोन प्रती करा. चोरीच्या आधीची आणि नंतरची वीस-वीस मिनिटं घ्यायला विसरू नका, तिघे एकत्र आले आणि एकत्र गेले हे त्यातच दिसतं. डीव्हीआरचं घड्याळ मोबाइलशी ताडून फरक लिहून ठेवा. घड्याळ सात मिनिटं मागे असेल तर अर्जात तसं स्पष्ट लिहा, नाहीतर नंतर रिक्षाची वेळ, बिलाची वेळ आणि चित्रणाची वेळ जुळत नाही.

न्यायालयात अशी प्रत चालण्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग आहेत. पहिला उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने, म्हणजे तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलचा हॅश, म्हणजे फाइलवरून संगणकाने काढलेला आकडा, लिहावा लागतो. फाइलमधला एक ठिपका जरी बदलला तरी हा आकडा बदलतो, म्हणून चित्रणात फेरफार नाही हे त्यावरून कळतं. विंडोज संगणकावर हॅश काढण्याची सोय आधीपासून असते, कॅमेरे बसवणाऱ्याकडून तो काढून घ्या. मूळ यंत्रच न्यायालयात हजर केलं नसेल तर प्रमाणपत्राशिवाय प्रत चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये आपल्या जालन्याच्याच एका निवडणूक खटल्यात पक्कं केलं आहे.

आणखी एक धागा पाहा. अशा टोळीतलं कुणीतरी संशय येऊ नये म्हणून बरेचदा दहा-वीस रुपयांची खरेदी करतं आणि पैसे यूपीआयने देतं. त्या चौदा मिनिटांतली सगळी बिलं आणि यूपीआय व्यवहारांचे क्रमांक काढून पोलिसांना द्या. वाद घालायला आणलेलं जुनं बिलही कुणाचं तरी होतं, त्याचा क्रमांक गल्ल्यावर टिपला गेला असेल तर सोन्याहून पिवळं. रिक्षाचा नंबर अर्धाच दिसत असला तरी द्या. चौकातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण तुम्हाला मिळणार नाही, ते पोलीसच मागवू शकतात, पण तेही फार दिवस राहत नाही. म्हणून अर्ज द्यायला उशीर करू नका.

झालेल्या तीन एनसी वाया गेलेल्या नाहीत. सानपाडा आणि खारघरच्या दुकानदारांना सोबत घ्या, तिघांनी आपापल्या ठाण्यात वरच्यासारखा अर्ज द्या आणि प्रत्येक अर्जात बाकी दोघांच्या घटनांचा उल्लेख करा. चौथा, एकत्रित अर्ज सीबीडी बेलापूरला पोलीस आयुक्तालयात गुन्हे शाखेच्या नावाने द्या. हद्दी ओलांडणाऱ्या टोळीचा तपास त्यांच्याकडे जाऊ शकतो. प्रत्येक अर्जाच्या आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.

‘चौदा दिवस चौकशी करू, मग बघू’ असं उत्तर मिळालं तर इतकं माहीत असू द्या: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम १७३ मधली ही चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी तीन वर्षं ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आहे. ११२ आणि ३०५ या दोन्हींची कमाल शिक्षा पूर्ण सात वर्षं आहे, ते त्यात बसत नाहीत. हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं, तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून वर्ग करण्याची तरतूद त्याच कलमात आहे. तरीही नोंद झाली नाही तर परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना लेखी अर्ज टपालाने पाठवा. तिथेही हललं नाही तर वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. गुन्हा नोंदला की एफआयआरची प्रत फुकट मिळते आणि तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

नोंद झाल्यावर पुढे काय काय होऊ शकतं, तेही जाणून घ्या, म्हणजे एवढी खटपट कशासाठी ते समजेल. राज्य पोलिसांकडे आम्बिस नावाची यंत्रणा आहे, तिच्यात बोटांचे ठसे आणि चेहरे जुन्या नोंदींशी ताडले जातात. सराईत चोराकडून चांगल्या वागणुकीचं बंधपत्र घेता येतं. टोळीच्या हालचालींमुळे धोका असेल तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ५५ ते ५७ या कलमांखाली तडीपारी होऊ शकते, दोन वर्षांपर्यंत. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्याला कलम ३१७ लागतं आणि नेहमीच घेणाऱ्याला त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. खरं मूळ तोच आहे. दूध पावडरचे डबे कुणी घरी प्यायला चोरत नाही. मकोकाची, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या राज्याच्या कडक कायद्याची, आशा मात्र धरू नका, त्याच्यासाठी दहा वर्षांतली एकाहून अधिक दोषारोपपत्रं आणि बरंच काही लागतं. या सगळ्याचा पाया म्हणजे कागदावरची नोंद. दहापट पैसे वसूल करून चोराला सोडून देणारे दुकानदार नेमकी तीच घालवतात. वर अशी वसुली खंडणीत मोडू शकते.

आता पकडून ठेवण्याचं. आपल्या डोळ्यांदेखत अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य माणूसही पकडू शकतो, पण विनाविलंब, फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करावं लागतं. अडचण अशी की त्या क्षणी हा गुन्हा कोणत्या कलमात बसेल ते तुम्ही ठरवू शकत नाही. साध्या, ५,००० च्या आतल्या चोरीत गणला गेला तर तुम्हीच अडकाल. बेकायदा डांबून ठेवणं आणि मारहाण, दोन्हींना एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. बाईची झडती पुरुषाने घेणं तर सर्वस्वी वर्ज्य. सोबत अठरा वर्षांखालचं मूल असेल तर त्याला हातही लावू नका, त्याच्यासाठी बाल न्याय कायदा वेगळा आहे.

तेव्हा ते तिघे पुन्हा दिसले तर एकाने ११२ ला फोन करावा. योगायोग असा की मदतीचा नंबर आणि कलम दोन्ही ११२ आहेत, लक्षात ठेवायला सोपं. दुसऱ्याने रॅकपाशी जाऊन ‘काय हवंय ताई, टोपली देऊ का?’ एवढंच विचारावं. बऱ्याचदा तेवढ्यानेच हात आखडतो. माल पिशवीत गेलेला दिसला तरी गल्ल्याची रांग ओलांडेपर्यंत थांबा. सेल्फ-सर्व्हिस दुकानात त्याआधी ‘बिल करणारच होते’ म्हणायला जागा राहते. मग दारात शांतपणे बिल मागा. पळाले तर पळू द्या, मागे धावू नका. रिक्षाचा नंबर आणि दिशा टिपा.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकू नका. ‘चोर’ म्हणून टाकलेला फोटो दोन तासांत सोसायट्यांच्या ग्रुपवर पोचतो आणि तशाच रंगाची साडी नेसलेल्या भलत्याच बाईला लोक भर बाजारात गाठतात. बदनामीचा दावा ही तर पुढची गोष्ट. याशिवाय एक नुकसान सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. आरोपी सापडले की साक्षीदारांसमोर ओळख परेड होते. साक्षीदाराने तो फोटो आधीच ग्रुपवर दहादा पाहिला असेल, तर बचावाचा वकील म्हणणार की त्याने फोटो ओळखला, माणूस नव्हे. ग्रुपवर फक्त पद्धत कळवा: जुन्या बिलाचा वाद, दोघी आणि बाहेर रिक्षा, संध्याकाळी सातच्या सुमारास. चेहरे पोलिसांनाच द्या.

दुकानात थोडे बदल करा. तूप, दूध पावडर, काजू, बदाम, ब्लेड, कॉफी असे सर्वांत जास्त जाणारे वीस प्रकार काढा आणि पाळी बदलताना तेवढेच मोजून बिलिंगच्या आकड्याशी ताडा. पंधरा मिनिटांचं काम आहे. चोरी कोणत्या चार-सहा तासांत झाली ते कळतं आणि चित्रण शोधणं सोपं जातं. या वस्तूंचे रॅकवर तीन-चारच नग ठेवा, बाकीचे गल्ल्यामागे. दारावर अलार्मचे खांब बसवायला कुणी आलं तर आधी धातूच्या डब्यांचं विचारा. चिकटवायची साधी रेडिओ लेबलं धातूवर आणि चकचकीत फॉइलवर काम करत नाहीत, तिथे डब्याभोवती आवळायचं तारेचं कुलूप लागतं. लोखंडी शटर आणि काही एलईडी दिवेही त्या खांबांना गोंधळात टाकतात, म्हणून पैसे द्यायच्या आधी दिवे लावून, शटर नेहमीच्या जागी ठेवून चाचणी घ्या.

दारावरचा कॅमेरा छताला असेल तर त्यात पदर आणि भांगच दिसतो. तो सात-आठ फुटांवर आणा. अनोळखी माणूस ओळखू येण्यासाठी चित्रात एक मीटर रुंदीला सुमारे २५० पिक्सेल लागतात. २ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची रुंदी १,९२० पिक्सेल, म्हणजे साडेसात मीटरपेक्षा रुंद दृश्य घेतलंत की चेहरा गेलाच. दारातून बाहेरचं ऊन येत असेल तर डब्ल्यूडीआर, म्हणजे ऊन आणि सावली दोन्ही नीट टिपण्याची सोय, असलेला कॅमेरा घ्या, नाहीतर आत येणारा प्रत्येक जण काळी सावली होतो.

विम्याचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. दुकानाच्या पॉलिसीतलं घरफोडीचं कलम बहुधा कुलूप-शटर तोडून झालेल्या चोरीसाठी असतं, गिऱ्हाईक बनून उचललेल्या मालासाठी नसतं. आणि नियमित जीएसटी भरत असाल तर चोरीला गेलेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट परत करावं लागतं. साठ्याच्या नोंदीत ‘चोरी’ असा वेगळा रकाना ठेवून एफआयआर किंवा एनसीचा क्रमांक तिथे लिहा.

राहिला तुमच्या गल्ल्यावरचा मुलगा. दिरांचा राग समजतो, पण पगार कापू नका. नुकसानीपोटी कपात करायची तर तो माल स्पष्टपणे त्याच्या जबाबदारीत दिलेला हवा, नुकसान त्याच्याच निष्काळजीपणाने झालेलं हवं आणि त्याला म्हणणं मांडायची संधी द्यायला हवी. गल्ला सांभाळणाऱ्याकडे रॅकची जबाबदारी नव्हती. त्याला गुंतवून ठेवायलाच ती बाई आली होती, दुसरा कुणी असता तरी गुंतला असता. आणि त्या बाईशी समोरासमोर, हातभर अंतरावरून, तीन वेळा बोललेला तुमच्या दुकानातला तो एकमेव माणूस आहे. ओळख परेडला त्यालाच जावं लागेल. पोलीस जबाब घेतील त्या दिवशी त्याला पगारी सुट्टी द्या, तिचा आवाज, बोलण्याची ढब, हातातलं काही, जे आठवेल ते त्याला आजच वहीत लिहून ठेवायला सांगा, आणि दीरांना म्हणावं, ठाण्यात त्याच्यासोबत तुम्ही जा.